नंबर नसलेला कंदील

ईरा, तुझ्या शाळेत आजी-आजोबांची माहिती भरून न्यायची होती, तेव्हा माझ्या नावापुढच्या रकान्यात तुझ्या आईने 'समाजसेविका' असं लिहून दिलं. तू ते मला फोनवर वाचून दाखवलंस. मी काही बोलले नाही, कारण तुझी शाळेची बस यायची वेळ झाली होती. पण ते चूक आहे आणि चुकीची नोंद मला सहन होत नाही. मी पगार घेऊन कंदील मोजणारी बाई होते.

यंदा या अंकाच्या संपादकांनी 'तुमच्या कामाबद्दल काही लिहा' म्हणून सांगितलं, तेव्हा मी ठरवलं की तुम्हा दोघांना उद्देशूनच लिहावं. इतरांनीही वाचायला हरकत नाही. अन्वय, तू मोठा आहेस, तू स्वतः वाच. अडलेल्या शब्दाखाली रेघ मार, मात्र पेन्सिलीने.

मला नोकरी लागली ती इंग्रजीमुळे. नाशिकमधल्या एका लहानशा संस्थेला मदत करणारे लोक परदेशात होते आणि दर तीन महिन्यांनी त्यांना इंग्रजीतून अहवाल पाठवावा लागे. मी इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली, तुमचे बाबा तेव्हा कॉलेजात गेलेले, घरी दुपार रिकामी. मुलाखतीत कार्यवाहांनी विचारलं, "फिरतीची तयारी आहे ना?" मी विचारलं, "कुठे?" ते म्हणाले, "पेठ, सुरगाणा." मी नाशिकलाच जन्मले आणि नाशिकलाच वाढले, पण पेठ रोडने मार्केट यार्डाच्या पुढे कधी गेले नव्हते. हे मी त्यांना सांगितलं नाही.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. शहराच्या एका बाजूला द्राक्षबागांना विजेचे पंप होते आणि दुसऱ्या बाजूला, सावळ घाट उतरून गेलं की, कितीतरी पाडे असे होते जिथे विजेचा खांबसुद्धा पोचला नव्हता. पाडा म्हणजे डोंगरातली वीस-पंचवीस घरांची वस्ती. संध्याकाळी तिथे रॉकेलची चिमणी पेटायची. बाटलीच्या झाकणाला भोक पाडून त्यात वात घातली की झाली चिमणी. तिच्या धुराने भिंत काळी, नाकपुड्या काळ्या आणि पोरांची पुस्तकंही काळी.

आमच्या संस्थेचं काम अगदी साधं होतं. पाड्यावर एक खोली घ्यायची, तिच्यासमोर लोखंडी स्टँडवर सौर पॅनेल मांडायची आणि खोलीत कंदील ठेवायचे. आपला जुना कंदील काचेचा. हा प्लॅस्टिकचा, आत बॅटरी आणि एक छोटी ट्यूब. सकाळी घराघरातून कंदील खोलीत यायचे, दिवसभर उन्हावर चार्ज व्हायचे आणि संध्याकाळी आपापल्या घरी जायचे. दिवसभर ऊन मिळालं की चार-साडेचार तास उजेड. प्रत्येक घराला स्वतःचं पॅनेल देणं परवडणारं नव्हतं. असं एकत्र केलं की चिमणीच्या रॉकेलला लागतं त्याहून कमीत भागायचं. खोलीची किल्ली पाड्यावरच्याच एका बाईकडे असायची.

बॅटरीबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल. ती पूर्ण रिकामी झाली तर चालतं, पण रिकामी *राहिली* तर मरते. आत खडूसारखा थर धरतो आणि मग तिला कितीही ऊन दाखवा, ती उठत नाही. हे मला शिकवलं गायकवाड यांनी. गायकवाड आमचे तंत्रज्ञ. नाशिकरोडला राहायचे, आधी रेडिओ दुरुस्त करायचे. माझ्यापेक्षा दोन-चार वर्षांनी लहान असतील. बोलायचे कमी, आणि बोलले की आपल्याला उत्तर सुचत नसे.

मी आल्यावर पहिलं काम केलं ते नंबर घालण्याचं. प्रत्येक कंदिलावर ऑइलपेंटने नंबर, तोच नंबर घराच्या चौकटीवर, तोच नंबर वहीत. सात नंबरचा कंदील सात नंबरच्याच घरी जाईल, दुसरीकडे नाही. कोणता कंदील कोणी कसा वापरला ते कळलं पाहिजे. वहीत तारीख, नेल्याची खूण, आणल्याची खूण आणि शेवटी 'शेरा'. माझ्या वह्या पाहून कार्यवाह म्हणाले होते, "बाई, तुमच्या वह्या फ्रेम करून लावाव्यात." मला ते आवडलं होतं. खोटं कशाला बोलू?

तऱ्हेतऱ्हेची माणसं भेटली. एका पाड्यावरच्या गुरुजींची तक्रार आली की पॅनेल अजिबात चालत नाही. आम्ही दीडशे खड्डे मोजत तिथे गेलो, तर गुरुजींनी पॅनेल चोरीला जाऊ नये म्हणून शाळेच्या कपाटात कुलूप लावून ठेवलेलं. "पण ऊन?" मी विचारलं. "खिडकी उघडी ठेवतो ना मी!" गुरुजी म्हणाले. दिंडोरीचे एक द्राक्षबागायतदार ऑफिसात येऊन दर आठवड्याला विचारायचे की या दिव्यावर औषध फवारायचा पंप चालेल का. गायकवाड दर आठवड्याला तितक्याच शांतपणे 'नाही' म्हणायचे. शेवटी त्या गृहस्थांनी आम्हाला द्राक्षांची एक पेटी पाठवली, बहुधा दमून.

पण मला सांगायचंय ते आवळीच्या पाड्याचं. पेठच्याही पुढे, जीप थांबते तिथून तासभर चढ. वीस घरं, वीस कंदील. किल्ली हिराबाईकडे. तेव्हा ती तिशीची असेल. चौथीपर्यंत शिकलेली, अंगाने काटक, आणि हसली की आधी डोळ्यांत हसायची. वही तीच भरायची. तिची अक्षरं नांगराच्या तासासारखी, वाकडी पण खोल.

दुसऱ्याच भेटीत मी पाहिलं तर चारही पॅनेलवर नागलीचे, म्हणजे नाचणीचे, पापड वाळत होते. व्यवस्थित, ओळीने.

"हिराबाई! हे काय?"

"पापड हायेत, मॅडम."

"ते दिसतंय मला. पॅनेलवर कशाला?"

"लय मस्त तापतंय ते. सकाळी घातले की दुपारी कडक. तो उजेड नुसता वरून जातोय, त्याच्याखाली आमचं बी थोडं काम व्हतंय."

"अहो, पापडाची सावली पडते. एका चौकोनावर सावली पडली की सगळ्या पॅनेलचं काम मंदावतं."

"येवढासा पापड?" तिने पापड उचलून आकाशाकडे धरला. "याची सावली सूर्याला अडवती?"

गायकवाड म्हणाले, "अडवते, ताई." मग त्यांनी मीटर काढला, पापड ठेवून काटा दाखवला, काढून दाखवला. हिराबाईने तो प्रयोग स्वतः तीनदा करून पाहिला आणि मग पापड गोळा केले. जाताना आम्हाला एक पुडकं बांधून दिलं. शेऱ्यात मी लिहिलं, 'पॅनेल स्वच्छ ठेवण्याविषयी समज दिली.' पापडांचा उल्लेख केला नाही. ते फार चांगले होते.

या केंद्राचा सगळ्यात मोठा विरोधक हिराबाईच्या घरातच होता. तिचा सासरा, सोमाबाबा. वय त्याचं त्यालाच माहीत नव्हतं. पहिल्या दिवशी कंदील लावून दाखवला तेव्हा त्याने ट्यूबजवळ तळहात नेला आणि मागे घेतला.

"गरम नाय," तो म्हणाला. "जो दिवा गरम नाय तो दिवा नाय. नेऊन टाका."

"बाबा, यात सूर्याचा उजेड साठवलाय," मी म्हणाले.

"सूर्य गरम हाय का गार?"

"गरम."

"मंग यातला गार कसा झाला? वाटंत सांडला?"

सगळा पाडा हसला. मी शाळेतल्या बाईसारखं काहीतरी समजावलं, ते त्याने ऐकून घेतलं, आणि आठ दिवस आपल्या घरात चिमणीच लावली. नवव्या दिवशी मोठा वारा सुटला. तिथल्या घरांच्या भिंती कुडाच्या असतात, कारवीच्या काठ्यांवर शेणमाती लिंपलेल्या. वारा त्यातून आरपार जातो. चिमणी चारदा विझली. सुनेने कंदील लावला आणि तो विझला नाही. हिराबाईने मला नंतर सांगितलं, म्हातारा उठून कंदिलाजवळ गेला आणि तोंडाने फुंकर घालून पाहिली त्याने. दोनदा. मग म्हणाला, "हां. याला वारा लागत नाय."

त्या दिवसापासून तो पॅनेलचा राखणदार झाला. कोणी नेमला नव्हता. सकाळी स्टँडशेजारच्या काळ्या दगडावर येऊन बसायचा, हातात निरगुडीची काठी. शेळ्या आल्या की हाकलायचा, कावळा बसला की उडवायचा, आणि ढग आला की त्यालाही काठी दाखवायचा. मी आले की विचारायचा, "बाय, आज किती सूर्य भरला?" आणि मी मीटर पाहून सांगायची. वर्षभर असं चाललं. माझ्या अहवालात आवळीचा पाडा 'आदर्श केंद्र' म्हणून गेला. सोमाबाबाचं नाव अहवालात नव्हतं. त्याच्यासाठी रकाना नव्हता.

दुसऱ्या वर्षी पाऊस फार झाला. घाटात दरड कोसळली, आमची जीप पाच-सहा आठवडे पाड्यावर जाऊ शकली नाही. भाद्रपद संपता संपता आम्ही पोचलो, तेव्हा मी आधीच चिडलेली होते; तिमाही अहवाल तुंबला होता, साडी गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेली.

पॅनेलवर शेळ्यांच्या लेंड्या होत्या. काळा दगड रिकामा होता. मी तो रिकामा दगड पाहिला, हे मला आजही स्पष्ट आठवतं. पाहिला आणि पुढे गेले.

खोलीत वही उघडली तर पाच दिवसांचं पान पार बिघडलेलं. सात नंबर एक नंबरच्या घरी. तीन नंबर एक नंबरच्या घरी. बारा, पंधरा, एकोणीस, सगळे एक नंबरच्या घरी. काही कंदील तर भर दुपारी नेलेले. आणि एक नंबरचं घर हिराबाईचं.

गायकवाड एकेक कंदील तपासत होते. "मॅडम, नऊ गेलेत. बॅटऱ्या रिकाम्या होऊन पडून राहिल्या. ऊन नव्हतं, भरल्याच नाहीत."

मी सगळ्यांना खोलीसमोर बोलावलं. आता लिहिताना वाटतं, निदान तिला एकटीला बोलावलं असतं.

"हिराबाई, हे सगळे कंदील तुमच्या घरी काय करत होते?"

ती खाली बघत होती. "लागत व्हते."

"वीसच्या वीस? दिवसासुद्धा?"

"व्हय."

"कोणाच्या परवानगीने?"

यावर बारा नंबरच्या घरातला एक माणूस पुढे आला. "आमीच दिले. आमच्या घरचा आमी दिला."

"तुमच्या घरचा नाही तो. संस्थेचा आहे. त्यावर नंबर आहे तो कशासाठी?"

वीस घरांची माणसं पावसाने ओल्या झालेल्या अंगणात उभी होती आणि एकही माणूस बोलत नव्हता. मला वाटलं, हे संगनमत आहे. हिराबाईने घरी काही उद्योग काढला असेल, कोणाचं लग्न, भगताचा कार्यक्रम, काहीतरी. मी हात पुढे केला. तिने कमरेची किल्ली सोडून माझ्या हातावर ठेवली. किल्ली गरम होती, तिच्या अंगाची. तिने एवढंच विचारलं, "केंद्र नेणार का, मॅडम?"

"वरून ठरेल," मी म्हणाले. वर म्हणजे मीच होते. अहवाल मी लिहीत होते आणि माझ्या अहवालाबाहेर त्या परदेशी लोकांना आवळीचा पाडा दिसत नव्हता.

नऊ मेलेले कंदील पोत्यात घालून आम्ही परत आलो. दुसऱ्या दिवशी मी अहवाल टाइप केला. इंग्रजीतून वाक्यं फार स्वच्छ उतरली. केंद्रात गैरवापर आढळला, केंद्रचालिका जबाबदार, उरलेले कंदील आणि पॅनेल दसऱ्यानंतर दुसऱ्या पाड्यावर हलवावेत अशी शिफारस. दुसऱ्या पाड्याचं नावही सुचवलं. कार्यवाहांनी सही केली आणि दुपारी फॅक्स गेला.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी मी ऑफिसात चहा घेत होते, तेव्हा मागच्या खोलीतून गायकवाड यांनी हाक मारली. त्यांच्या टेबलावर नऊ कंदील आडवे ठेवलेले, बूड आपल्याकडे.

"मॅडम, हे बघा."

प्रत्येक कंदिलाच्या बुडाला तांबूस काहीतरी चिकटून वाळलं होतं. मी पाहिलं होतं ते पाड्यावर. शेऱ्यात लिहिलंही होतं, 'अस्वच्छ'.

"चिखल," मी म्हणाले.

"चिखल नाही. पीठ आहे. नागलीचं." त्यांनी नखाने थोडं खरवडून माझ्या तळहातावर ठेवलं. "नऊच्या नऊ कंदिलांना. एकाच जागी ठेवलेत सगळे, एकामागून एक. पिठावर. पाच दिवस, दिवसरात्र."

मी ते पीठ बोटाने चोळून पाहिलं.

"आमच्यात हे करत नाहीत," गायकवाड म्हणाले. "बाबासाहेबांच्या मागे गेलो तेव्हा आमच्या आज्यानेच सोडलं. म्हणून मला कळायला चार दिवस लागले. पण मॅडम, तुमच्यात तर करतात ना?"

करतात. मुलांनो, तुम्ही हे पाहिलेलं नाही, म्हणून सांगते. घरात माणूस गेलं की ज्या जागी त्याचा प्राण गेला तिथे पीठ पसरून दिवा ठेवतात. दिवसकार्य होईपर्यंत तो विझू द्यायचा नसतो. माझ्या सासूबाई गेल्या तेव्हा, त्याच्या दोनच वर्षं आधी, तेरा दिवस त्या दिव्यात तेल मीच घालत होते. गंगापूर रोडच्या आमच्या फ्लॅटमध्ये, खिडक्या लावून घेऊन, पंखा बंद ठेवून. दुपारी डोळा लागला तर घड्याळाचा गजर लावायची. आणि तीच मी पाड्यावर विचारून आले होते, कोणाच्या परवानगीने.

तो रिकामा दगड मला तेव्हा, ऑफिसात उभ्या उभ्या दिसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सीबीएसवरून पहिली एसटी पकडून आम्ही निघालो. जीप मोकळी नव्हती, आणि मला थांबायचं नव्हतं. पेठपासून पुढे मिळेल ते वाहन, मग चढ. हिराबाई अंगणात नागली पाखडत होती. आम्हाला पाहून तिने सूप खाली ठेवलं. तिला वाटलं आम्ही पॅनेल न्यायला आलो.

मी विचारलं, "बाबा कधी गेले?"

तिने ओसरीवर घोंगडी टाकली. मग म्हणाली, "बसा."

तिने सांगितलं ते असं. मोठ्या पावसात बाबाला ताप भरला. खाली नेता येईना, ओढ्याला पाणी. तिसऱ्या दिवशी तो गेला. पिठावर तेलाचा दिवा ठेवला, पण कुडातून वारा येत होता, छप्पर गळत होतं. दिवा दोनदा विझला. दिवा विझणं त्यांच्यात वाईट; गेलेल्याला वाट दिसत नाही म्हणतात. आणि बाबाने आदल्या दिवशी स्वतःच सांगितलं होतं, माझ्या दिव्याला वारा लागू देऊ नका, तो गार दिवा ठेवा.

"मंग आमचा ठेवला. तो चार तासांनी मंद, तांबडा झाला. मंग शेजारनीनं तिचा आनला. तिचा तांबडा झाला तवर बारा नंबरवाले घेऊन आले. असं पाच दिवस. ऊन पडलं तर घटकाभर पडायचं, तेवढ्यात जे भरंल ते भरायचं. इझू नाय दिला, मॅडम. एकदा बी नाय."

"आणि बाकीची घरं?"

"काळोखात बसली. समदा पाडा काळोखात व्हता." तिने सूप जवळ ओढलं. "दिवा एकाच घरी व्हता."

"त्या दिवशी मला सांगितलं का नाही?"

"तुमी इचारलं कुठं? तुमी नंबर इचारले."

गायकवाड उठून पॅनेलकडे गेले आणि रुमालाने ती पुसत बसले.

मी किल्ली पुढे केली. तिने घेतली नाही. "केंद्र ऱ्हानार का?" तिने विचारलं. "ऱ्हानार असंल तर द्या. उद्या परत मागनार असाल तर तुमच्याकडंच असू द्या. वीस लोकांम्होरं एकदा दिली मी."

मला 'हो' म्हणता आलं नाही. फॅक्स गेलेला होता. मी किल्ली घेऊन परत आले.

त्या आठवड्यात मी दुसरा अहवाल लिहिला. तो स्वच्छ उतरला नाही. 'पिठावरचा दिवा' इंग्रजीत लिहायला मला चार पानं लागली. पहिला अहवाल चुकीचा होता, चूक केंद्रचालिकेची नसून तपासणी करणारीची आहे, आणि आमच्या नियमांत माणसाच्या मरणासाठी कंदील ठेवलेला नव्हता, असं मी लिहिलं. कार्यवाह म्हणाले, "बाई, असं लिहिलं तर ते विचारतील आधी पाहिलं कसं नाही. तुमची नोकरी..." मी म्हणाले, "विचारू द्या." सही करायला त्यांनी दोन दिवस घेतले, पण केली.

उत्तर यायला महिना लागला. दसरा गेला, दिवाळी आली. आपल्या घरी आकाशकंदील लावताना मला अजिबात बरं वाटत नव्हतं, तुमचे आजोबा म्हणाले, "तू त्या पाड्यावरच राहायला जा." उत्तर आलं ते तीन ओळींचं. केंद्र राहू द्यावं. बॅटऱ्या मात्र बदलून मिळणार नाहीत.

म्हणजे वीस घरं आणि अकरा कंदील. मी ते घाबरत घाबरत हिराबाईला सांगितलं. यावेळी सगळ्यांसमोर सांगितलं, मुद्दाम. माझं चुकलं हेही सगळ्यांसमोर. बारा नंबरचा माणूस म्हणाला, "अकरा लय झाले. पाळी लावू." आणि त्यांनी लावली. ज्या घरात परीक्षेचं पोर त्याला रोज, ज्या घरात बाळंतीण तिला रोज, बाकीच्यांना एक दिवसाआड. मी दोन वर्षं जे रकाने आखत होते त्यांपैकी एकही त्यांना लागला नाही. हिराबाईने किल्ली घेतली, कमरेला अडकवली आणि म्हणाली, "आता नंबर पुसू का?"

"पुसा," मी म्हणाले. मला ते जड गेलं. फार नीट काढले होते मी ते आकडे.

पुढे आमच्या सगळ्या केंद्रांना मी एक नियम लावून घेतला. प्रत्येक खोलीत एक कंदील जादा ठेवायचा. त्यावर नंबर नाही, वहीत त्याचं घर नाही. तो रोज भरलेला पाहिजे आणि ज्याला गरज पडेल त्याने न विचारता न्यायचा. जन्म, मरण, साप चावला, गाय व्यायली. इतर संस्थांची माणसं बघायला आली की म्हणायची, कल्पना छान आहे, कोणाची? मी सांगायची, सोमाबाबाची. ती लिहून घ्यायची. त्यांना वाटायचं कोणी तज्ज्ञ असतील.

दोन हजार सालानंतर हळूहळू खांब डोंगरात चढले. आवळीच्या पाड्यालाही तारा गेल्या. वीज कमी आणि तारा जास्त, पण लोकांना तारा हव्या होत्या आणि त्यांचं बरोबरच होतं. आमचं केंद्र बंद करायचं ठरलं. हिराबाईला निरोप गेला की सवडीने किल्ली आणि तो जादाचा कंदील ऑफिसात आणून दे.

ती आली ती थेट आपल्या गंगापूर रोडच्या घरी. ऑफिसात तिला कळलं होतं की मी रजेवर आहे. का ते तिने विचारलं नव्हतं. दुपारची वेळ, भारनियमन चालू, लिफ्ट बंद. चार मजले चढून आलेली. एका हातात कापडी पिशवी. मी दार उघडलं. आत हॉलमध्ये, तुमच्या आजोबांची खाट होती तिथे, पिठावर समई ठेवलेली होती. ईरा, तू तेव्हा जन्मली नव्हतीस. अन्वय, तू पाळण्यात होतास, आणि तुझ्या बाबाला परदेशातून निघायला विमान मिळत नव्हतं. घरात मी एकटी होते. मदतीला आलेली माणसं जेवायला गेली होती.

हिराबाईने चपला काढल्या, आत आली, समईकडे पाहिलं. काही विचारलं नाही. खिडकीशी जाऊन वारा कुठून येतो ते हाताने पाहिलं. मग पिशवीतून कंदील काढला, तोच नंबर नसलेला, बूड पदराने पुसलं आणि समईच्या शेजारी पिठावर ठेवून चालू केला.

"आज भरूनच आनला व्हता," ती म्हणाली. "परत करायचा तर रिकामा कसा द्यायचा?"

मग ती माझ्याशेजारी भिंतीला टेकून बसली. "किती दिस झाले?"

"चार."

"मंग उद्याचा दिस ऱ्हाते मी. परवा जाते."

"हिराबाई, आमच्यात पाच नसतात," मी म्हणाले. "आमच्यात तेरा."

"तेरा?" तिने समईकडे पाहिलं, कंदिलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मॅडम, तेरा दिसाला तुमच्या बॅटऱ्या पुरायच्या नाय. पाडाच आनावा लागंल."

मी हसले. आजोबा गेल्यापासून पहिल्यांदा हसले, आणि मग बराच वेळ रडले. ती उठून समईत तेल घालून आली.

ती तेराव्यापर्यंत राहिली. त्या दिव्यात तेल आम्ही पाळीने घातलं.

कंदील अजून माझ्या कपाटावर आहे. बॅटरी कधीच गेली. मी ती बदलणार नाही. वहीत त्याची परत आल्याची नोंद करायची राहिली आहे, ती तशीच राहू देत. तुम्ही आलात की तो खाली काढून बघा, आणि बूड उलटं करून बघा. पुसलेलं नाही मी.